नियंत्रणपत्राचे वाचन : पर्जन्यसामग्री, कमांड-लाइन साधने आणि पडताळ्याचा प्रश्न

१

संशोधनपर लेखनाची चिकित्सा करावयाची म्हटली म्हणजे आपल्यापुढे प्रबंध, ग्रंथ आणि नियतकालिकांतील लेख एवढेच येतात. ज्या लहानशा मजकुरांच्या आधाराने संशोधकाचे रोजचे काम चालते, त्यांच्याकडे समीक्षकाची दृष्टी सहसा जात नाही. एखादे संगणकीय साधन बसविण्याच्या सूचना, त्या साधनाला सामग्रीची ओळख करून देणारी दहा-बारा ओळींची फाइल, हातपुस्तकातील एखादे कलम, हे सर्व ‘तांत्रिक’ म्हणून बाजूला सारले जाते. वस्तुतः हेही गद्यच आहे. त्यालाही कर्ता आहे आणि वाचक आहे. गैरसमजाची शक्यता तर इतर गद्यापेक्षा त्यात अधिकच आहे. कारण त्याचा पहिला वाचक यंत्र असते, आणि यंत्र शंका विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच काही मजकुरांचा विचार करावयाचा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयाने सिद्ध केलेली दैनिक पर्जन्यमानाची सामग्री ही त्याची पार्श्वभूमी होय. ती वाचण्यासाठी ‘ग्रॅड्स’ आणि ‘सीडीओ’ ही दोन साधने जगभर वापरली जातात. दोन्ही साधने कमांड-लाइनवरची आहेत, म्हणजे त्यांना चित्रांवर टिचक्या मारून नव्हे, तर शब्द टंकून आज्ञा द्यावयाची असते. त्यांची स्थापना कशी करावी हे सांगणाऱ्या सूचना अनेक आहेत. त्या सूचनांनी वाचकाला कोठवर नेले म्हणजे त्या पूर्ण झाल्या असे म्हणावे, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे.

२

प्रथम सामग्रीविषयी. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामानखात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ साली शिमल्यास, तेथून १९२८ साली पुण्यास आणि १९४४ साली दिल्लीस गेले. शिवाजीनगरातील त्या वास्तूला पुणेकर अद्यापि ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, ते ह्याच प्रवासाच्या स्मृतीने. मुख्यालय गेले, तरी देशभरच्या हवामाननोंदींचा साठा आणि त्यांवरील संशोधन पुण्यात राहिले. ह्या कार्यालयाने ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून १९०१ पासूनच्या प्रत्येक दिवसाचा पाऊस पाव-पाव अंशाच्या जाळीवर मांडला. त्याचे विवरण ‘मौसम’ ह्या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाले. जाळीचा विस्तार पूर्व रेखांश ६६.५ ते १०० आणि उत्तर अक्षांश ६.५ ते ३८.५ असा आहे. पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९ असे एकूण १७,४१५ बिंदू होतात.

ही सामग्री अभ्यासकाला वर्षवार फाइलींच्या रूपाने मोफत मिळते. ह्यांतील ‘जीआरडी’ प्रकारची फाइल म्हणजे केवळ अंकांची एक अखंड ओळ आहे. तीत ना शीर्षक, ना तारीख, ना अक्षांश-रेखांश, ना एकक. प्रत्येक अंक चार बाइटांचा. त्यामुळे ३६५ दिवसांच्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटांची आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटांची असते. पहिला अंक कोणत्या स्थळाचा, दुसरा त्याच्या पूर्वेचा की उत्तरेचा, हे फाइल सांगत नाही. विरामचिन्हे नसलेली, ओळी न तोडलेली आणि पुष्पिकाही गमावलेली एखादी पोथी हाती यावी, तशी ही स्थिती आहे. पोथीत निदान शब्द तरी ओळखू येतात. येथे अर्थ सर्वस्वी बाहेरून पुरवावा लागतो. तो पुरविणारा मजकूर म्हणजे ‘सीटीएल’ ह्या अक्षरांनी ओळखली जाणारी फाइल. तिला मी नियंत्रणपत्र म्हणतो.

३

आता स्थापनेकडे वळू. ग्रॅड्स हे साधन अमेरिकेतील सागर-भूमी-वातावरण अभ्यासकेंद्रात, म्हणजे ‘कोला’ ह्या संस्थेत तयार झाले. सीडीओ हे हॅम्बुर्ग येथील माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेचे. पहिले प्रामुख्याने नकाशे व आलेख काढण्यासाठी, दुसरे सामग्रीवर गणिती क्रिया करण्यासाठी वापरतात. सीडीओमध्ये अशा क्रिया सहाशेहून अधिक आहेत. उबुंटूसारख्या प्रणालीवर ही दोन्ही साधने एकेका ओळीच्या आज्ञेने बसतात. विंडोजवर सीडीओ चालविण्यासाठी आधी त्या प्रणालीच्या पोटात लिनक्स बसवावे लागते. येथवर सांगणाऱ्या सूचना विपुल आहेत आणि बहुधा अचूकही आहेत.

ह्या सूचनांचा शेवट जवळजवळ ठरलेला असतो. साधनाला त्याची आवृत्ती विचारा. त्याने आकडा सांगितला की स्थापना पूर्ण झाली असे समजा. हे लक्षण अपुरे आहे. सीडीओची मूळ संहिता घेऊन ती स्वतःच्या यंत्रावर बांधणारा विद्यार्थी नेटसीडीएफ ह्या ग्रंथालयाचा मार्ग देण्यास विसरला, तरी बांधणी निर्विघ्न पार पडते. साधन आपली आवृत्ती ठणठणीत सांगते. आणि पुढे नेटसीडीएफ फाइल समोर येताच ती वाचण्यास असमर्थ ठरते. ग्रॅड्सची गोष्टही काहीशी अशीच आहे. अक्षरांचे वळण आणि नकाशाच्या सीमारेषा ते एका वेगळ्या ठिकाणाहून वाचते. ते ठिकाण नेहमीचे नसेल, तर ‘गॅडडिर’ नावाच्या परिस्थितिचलात त्याचा पत्ता द्यावा लागतो. तो दिला नाही तर साधन असते, पण त्याचे काम होत नाही.

सीडीओच्या हातपुस्तकाला मात्र येथे श्रेय दिले पाहिजे. बांधणी आणि स्थापना ह्यांच्या मध्ये ‘मेक चेक’ ही स्वपरीक्षेची पायरी त्यात सांगितलेली आहे. शिवाय आवृत्ती विचारली असता ते साधन नुसता आकडा सांगून थांबत नाही; आपल्याला कोणत्या प्रकारच्या फाइली वाचता येतात त्यांची यादीही देते. सूचना लिहिणारे बहुतेक लेखक ह्या यादीकडे वाचकाचे लक्ष वेधीत नाहीत. तथापि, साधनाची परीक्षा झाली म्हणून वाचनाची परीक्षा झाली असे होत नाही. चष्मा निर्दोष आहे एवढ्यावरून वाचणाऱ्याला लिपी येते असे ठरत नाही.

४

खरे कार्य नियंत्रणपत्रापासून सुरू होते. ह्या पत्राची रचना अत्यंत मितभाषी आहे. ‘डीसेट’ ही ओळ सामग्रीची फाइल कोठे आहे ते सांगते. ‘अनडेफ’ ही ओळ नोंद नसल्याची खूण कोणती ते सांगते. ‘एक्सडेफ’, ‘वायडेफ’ आणि ‘टीडेफ’ ह्या ओळी अनुक्रमे रेखांश, अक्षांश आणि काळ ह्यांची मांडणी सांगतात. अखेरीस चलाचे नाव येते. आपल्या सामग्रीसाठी रेखांशाची ओळ ‘१३५ बिंदू, आरंभ ६६.५, अंतर ०.२५’ आणि अक्षांशाची ‘१२९ बिंदू, आरंभ ६.५, अंतर ०.२५’ अशी होते. गद्याच्या दृष्टीने पाहता ह्या रचनेत एकही शब्द वाया गेलेला नाही. ग्रॅड्सच्या हातपुस्तकात प्रत्येक ओळीचे स्पष्टीकरणही व्यवस्थित आहे. दोष आहे तो असा, की प्रत्येक ओळ चुकली तर काय दिसेल हे तेथे सांगितलेले नाही. आणि अभ्यासकाला गरज नेमकी त्याचीच असते.

चुकांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग आपण होऊन बोलणाऱ्या चुकांचा. आपल्या जाळीतील चौकोनात समुद्र आणि शेजारचे देश ह्यांनी व्यापलेला भाग फार मोठा आहे. त्या सर्व बिंदूंवर -९९९ ही खूण असते. ‘अनडेफ’ ओळीत ती खूण नोंदली नाही, तर साधन तिला पाऊसच समजते आणि देशाची सरासरी शेकडो मिलिमीटर ऋण येते. अशी चूक लपून राहत नाही. डीसेटच्या ओळीतील टोपीसारखे चिन्ह गाळले, तर साधन नियंत्रणपत्राशेजारी न पाहता आपण ज्या ठिकाणाहून आज्ञा दिली तेथे फाइल शोधते आणि ती सापडत नाही म्हणून तक्रार करते. ही चूकही निरुपद्रवीच म्हणावयाची.

दुसरा वर्ग मुक्या चुकांचा. पर्जन्यमानासाठी लिहिलेले नियंत्रणपत्र थोडे बदलून तापमानाच्या सामग्रीसाठी वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो. तापमानाची जाळी एक अंशाची, ३१ गुणिले ३१ बिंदूंची आहे. तेवढे बदलले जाते. पण तेथे नोंद नसल्याची खूण -९९९ नसून ९९.९ आहे, हे ध्यानात येत नाही. मग ९९.९ अंश हे तापमान म्हणून बेरजेत शिरते आणि सरासरी फुगते. ती ऋण नसल्यामुळे घाईच्या नजरेला खटकत नाही. रेखांश आणि अक्षांश ह्यांच्या बिंदूंची अदलाबदल ही दुसरी मुकी चूक. १३५ गुणिले १२९ काय आणि १२९ गुणिले १३५ काय, गुणाकार एकच. त्यामुळे फाइलीच्या आकारावरून ही चूक कधीच उमगणार नाही. नकाशा काढला तर मात्र देशाची आकृती तिरपी पसरलेली क्षणात दिसते. जो विद्यार्थी नकाशा न काढता थेट सरासरी काढतो, त्याला ती दिसत नाही.

तिसरी मुकी चूक कालगणनेची. हवामानाच्या कित्येक गणिती प्रतिकृतींत वर्ष नेहमी ३६५ दिवसांचेच धरतात. त्यांच्या नियंत्रणपत्रांत तसे सांगणारी एक ओळ असते. अशा पत्रावरून आपले पत्र उतरवून घेताना ती ओळ तशीच राहिली आणि १९०१ पासूनच्या फाइली एकापुढे एक जोडलेल्या असल्या, तर प्रत्येक लीप वर्षाला एक दिवस सरकत जातो. १९६१ पर्यंत अशी पंधरा वर्षे येतात. म्हणजे साधन ज्याला १२ जुलै १९६१ म्हणेल तो वस्तुतः २७ जूनचा पाऊस असेल. दोन्ही दिवस पावसाळ्यातलेच. आकडा पाहून संशय यावा असे काहीच नाही.

५

हा दिवस उदाहरणादाखल सहज घेतलेला नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. धरण का फुटले ह्याची मीमांसा येथे अभिप्रेत नाही. ती अभियंत्यांची आहे. परंतु त्या दिवसांत पाणलोटात आणि शहरात पाऊस किती पडला हे पाहू इच्छिणारा भूगोलाचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी आज ह्याच सामग्रीकडे वळेल. त्याला काय काय संभाळावे लागेल ते पाहू.

पुणे शहराला सर्वांत जवळचा जाळीबिंदू ७३.७५ पूर्व, १८.५ उत्तर हा होय. पश्चिमेकडून मोजता तो तिसावा आणि दक्षिणेकडून मोजता एकोणपन्नासावा. पानशेत धरणाला जवळचा बिंदू त्याच ओळीत, पण ७३.५ पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे तो एकोणतिसावा. ग्रॅड्स आणि सीडीओ बिंदू एकापासून मोजतात. पायथन ही आजची लोकप्रिय संगणकभाषा शून्यापासून मोजते. तेव्हा पायथनच्या गणनेत पुण्याचा क्रमांक २९ होतो. पायथनमध्ये लिहिलेल्या एखाद्या टिपणातून हा २९ उचलून कोणी ग्रॅड्सला दिला, तर साधन निमूटपणे पुण्याऐवजी पानशेतचा पाऊस देईल. अंतर अवघे सव्वीस किलोमीटरांचे. पण ते सह्याद्रीच्या दिशेचे सव्वीस किलोमीटर आहेत. पुण्यात वर्षाला सुमारे सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावरील लोणावळ्यात त्याच्या कित्येक पट, हे ज्याला ठाऊक आहे त्याला एका अंकाच्या चुकीचे मोल वेगळे सांगावयास नको. ज्या घटनेत शहरावरचा पाऊस आणि धरणावरचा पाऊस ह्यांतील भेद हाच विचाराचा विषय आहे, तेथे ही चूक विषयच पुसून टाकते.

हाच घोटाळा दिवसाच्या क्रमांकात होतो. १२ जुलै हा १९६१ मधील १९३ वा दिवस. शून्यापासून मोजल्यास त्याचा क्रमांक १९२. पायथनला १९३ दिला की १३ जुलै हाती येतो.

ह्याहून सूक्ष्म अशी एक बाब नियंत्रणपत्राच्या कोणत्याच ओळीत सामावत नाही. भारतात पर्जन्यमापकाचे वाचन सकाळी साडेआठ वाजता होते आणि त्या आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावावर पडतो. म्हणून १२ जुलैच्या नोंदीत ११ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १२ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस येतो. पंचांगातला दिवस धरून चालणारा वाचक हा पाऊस दुर्घटनेनंतरच्या तासांचाही समजेल. वस्तुतः तो बहुतांशी तिच्या आधीचा आहे. नियंत्रणपत्र काळाविषयी एवढेच सांगते, की नोंदींमधील अंतर एक दिवसाचे आहे. ते खोटे नाही. परंतु दिवस कोठे सुरू होतो हे न सांगितल्यामुळे वाचक फसतो. व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि अर्थदृष्ट्या अपुरे अशा वाक्याचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

६

ह्यावर एक आक्षेप संभवतो. ही सामग्री आता नेटसीडीएफ बांधणीतही मिळते. तीत अक्षांश, रेखांश, तारखा आणि खुणा फाइलीच्या पोटातच लिहिलेल्या असतात. मग वेगळ्या नियंत्रणपत्राची आणि त्याच्या चिकित्सेची उठाठेव कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. अशा फाइलीने मुक्या चुकांतील पुष्कळशा टळतात, आणि नवशिक्याने तीच वापरावी असे मीही म्हणेन. तथापि, फाइलीच्या पोटात लिहिलेले वर्णन हाही कोणीतरी लिहिलेला मजकूरच आहे. तो नियंत्रणपत्राचाच दुसरा अवतार होय. क्रमांक शून्यापासून की एकापासून, आणि दिवसाचा आरंभ कोठून, हे प्रश्न तेथेही संपत नाहीत. उलट, वर्णन फाइलीतच आहे म्हणून ते वाचण्याची गरज नाही असा समज बळावतो. नियंत्रणपत्र स्वतः लिहिणाऱ्याला निदान प्रत्येक ओळ एकदा तरी विचारपूर्वक लिहावी लागते.

दुसरा आक्षेप असा, की हे सर्व अनुभवाने येते. सूचनांत त्याचा विस्तार कशास? अनुभवाने येते हे खरे. परंतु मुक्या चुकीचा अनुभव चुकणाऱ्याला येतच नाही. तो पुढे केव्हा तरी दुसऱ्याला येतो, आणि तोवर चुकलेला आकडा एखाद्या प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात गेलेला असतो.

म्हणून सूचनांच्या पूर्णतेची कसोटी बदलली पाहिजे असे मला वाटते. साधन आवृत्ती सांगू लागले म्हणजे नव्हे, तर वाचकाच्या हाती पडताळ्याचे उपाय आले म्हणजे सूचना पूर्ण झाल्या. आपल्या सामग्रीपुरते असे चार उपाय सांगता येतात. पहिला, फाइलीचा आकार वर दिलेल्या बाइटसंख्येशी ताडून पाहणे. ह्याने अपुरी उतरलेली फाइल आणि दिवसांच्या संख्येतील चूक कळते. दुसरा, सीडीओची ‘इन्फोएन’ ही क्रिया चालवून प्रत्येक दिवसाचा किमान, सरासरी व कमाल आकडा आणि नोंद नसलेल्या बिंदूंची संख्या पाहणे. किमान आकडा शून्याखाली असता कामा नये. तिसरा, पावसाळ्यातील एका महिन्याचा नकाशा काढून देशाची आकृती आणि सह्याद्रीलगतचा ओला पट्टा डोळ्यांनी पाहणे. ह्याने अक्षांची अदलाबदल उघड होते. चौथा, परिचित स्थळांची तुलना करणे. महाबळेश्वरचा बिंदू पुण्याच्याच स्तंभात, दोन ओळी दक्षिणेस आहे. त्याची पावसाळ्याची बेरीज पुण्याहून स्पष्टपणे अधिक आली नाही, तर क्रमांक पुन्हा तपासावेत. शिवाय बिंदू क्रमांकाने न मागता रेखांश-अक्षांशाने मागावा. तशी सोय दोन्ही साधनांत आहे आणि तिने मोजणीचा घोटाळा मुळातच टळतो. ह्यांपैकी कोणताही उपाय एकटा पुरेसा नाही. आकाराने जे कळत नाही ते नकाशाने कळते. आणि साडेआठ वाजताची मर्यादा तर कोणत्याच यांत्रिक पडताळ्याने कळत नाही, ती सामग्रीविषयीच्या मूळ लेखनातूनच जाणून घ्यावी लागते.

पुण्याला ही शिस्त अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली अठराही पर्वांसह पूर्ण केली. तिच्यावर विद्वानांचा विश्वास बसला तो संपादकांच्या अधिकारामुळे जितका, तितकाच प्रत्येक पानाच्या तळाशी दिलेल्या पाठभेदांमुळे. कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे हे वाचकापुढे उघडे ठेवल्यामुळे संपादकाशी मतभेद असलेल्यालाही त्या आवृत्तीवर काम करता येते. शिमला ऑफिसातील पर्जन्याची जाळी हीही हजारो केंद्रांच्या नोंदींतून सिद्ध केलेली एक संहिताच आहे. तिच्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधांत मात्र आपण केवळ ‘हवामानखात्याची सामग्री वापरली’ एवढे लिहून मोकळे होतो. साधन कोणते, त्याची आवृत्ती कोणती, नोंद नसल्याची खूण कोणती धरली, दिवस कसा मोजला, ह्यांविषयी एक अक्षर नसते.

सुधारणा कठीण नाही. ह्या प्रकारच्या सामग्रीवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधाच्या परिशिष्टात नियंत्रणपत्र संपूर्ण छापावे आणि त्याखाली पडताळ्याचे निकाल द्यावेत. सगळे मिळून एक पान होईल. परीक्षकांनी आलेखांच्या आधी ते पान वाचावे. मराठीत स्थापना-सूचना लिहिणाऱ्यांनीही इंग्रजी सूचनांचा केवळ अनुवाद न करता प्रत्येक पायरीनंतर ‘येथे चूक झाली तर काय दिसेल’ हे एक वाक्य जोडावे. ज्या चुकीत काहीच दिसत नाही, तेथे तसे स्पष्ट लिहावे. कारण सावध राहण्याची खरी जागा तीच आहे.